थंडरबोल्ट : कुणाला शिकवायचा, कुणावर मारायचा आणि कुठे हात आवरायचा (पोकेमॉनमध्ये नवीन असाल तर)

माझा भाचा सध्या मोबाईलवर पोकेमॉन फायररेड हा गेम खेळतोय. परवा जेवता जेवता विचारतो, "मामा, थंडरची पॉवर १२० आहे आणि थंडरबोल्टची ९५, मग तू मला थंडर का नाही शिकवू देत?" मी म्हटलं आधी भात संपव. पण प्रश्न बरोबर होता, आणि नवीन खेळणारा प्रत्येक जण इथेच फसतो, मीही फसलेलो. त्याला जे सांगितलं तेच जरा सविस्तर इथे लिहितोय, कार्टून बघितलंय पण गेम पहिल्यांदाच हातात घेतलाय अशांसाठी.

एक गंमत आधी सांगून टाकतो. या मूव्हचं (म्हणजे पोकेमॉनच्या या विजेच्या हल्ल्याचं) जपानी नाव थंडरबोल्ट नाहीच, ते आहे "ज्यूमान बोरुतो". जपानीत "मान" म्हणजे दहा हजार, आणि दहा मान म्हणजे आपले सरळ एक लाख. म्हणजे पिकाचू मारतो तो "एक लाख व्होल्ट". इंग्रजीवाल्यांकडे लाख नाही म्हणून त्यांनी विजेचं नाव देऊन टाकलं, आपल्याकडे मात्र शब्द तयारच होता. पुढे सन आणि मूनमध्ये ॲशची टोपी घातलेल्या पिकाचूला एक स्पेशल झेड मूव्ह (लढाईत एकदाच मारता येणारा जबर फटका) दिली, तिचं नाव एक हजार मान व्होल्ट, म्हणजे एक कोटी. लाखाचे डायरेक्ट कोटी. असो.

पायरी १ : आकडे वाचायला शिका

कुठल्याही मूव्हचे तीन आकडे बघायचे. पॉवर, ॲक्युरसी आणि पीपी. पॉवर म्हणजे किती जोरात लागणार, ॲक्युरसी म्हणजे शंभरातल्या किती वेळा लागणार, पीपी म्हणजे किती वेळा वापरता येणार. थंडरबोल्टची ॲक्युरसी १०० आणि पीपी १५, हे १९९६ च्या पहिल्या गेमपासून तसंच आहे. पॉवर आधी ९५ होती, २०१३ मध्ये एक्स आणि वाय आले तेव्हा ती ९० केली. थंडरची ॲक्युरसी ७०, पीपी १०, पॉवर आधी १२० आणि आता ११०.

आता भाच्याचा हिशोब. १२० चे ७० टक्के म्हणजे ८४. थंडरबोल्टचे ९५ चे ९५ च. नव्या गेममध्ये ११० चे ७० टक्के म्हणजे ७७, समोर ९०. म्हणजे सरासरी काढली तर थंडर मागेच पडतो. आणि सरासरी सोडा, थंडर लागोपाठ दोनदा लागण्याची शक्यता ४९ टक्के आहे, निम्मीसुद्धा नाही. तुमचा पोकेमॉन शेवटच्या १० एचपीवर (एचपी म्हणजे उरलेला जीव) उभा आहे, समोरच्याला एक फटका हवाय, आणि स्क्रीनवर येतं की अटॅक चुकला. मग फोन गादीवर आपटला जातो. गरजेल तो पडेल काय, ही म्हण थंडरसाठीच केलीये असं माझं मत आहे.

थंडर एकाच वेळी घ्यायचा, पाऊस पाडणार असाल तर. रेन डान्स मारून किंवा टीममध्ये ड्रिझल ॲबिलिटीवाला (ॲबिलिटी म्हणजे अंगचा गुण, ड्रिझलचा गुण पाऊस पाडायचा) पॉलिटोड वगैरे असेल तर पावसात थंडर चुकतच नाही, मग तो खरंच राजा. उलट कडक उन्हात त्याची ॲक्युरसी ५० वर येते. नवीन माणसाने या भानगडीत पडू नये, आधी एक लाख व्होल्ट नीट वापरायला शिका.

थंडरबोल्टला अजून एक छोटा बोनस आहे, १० टक्के वेळा समोरचा पॅरालाईज होतो. झाला तर त्याचा स्पीड कमी होतो (जुन्या गेममध्ये पाव, नव्यात अर्धा) आणि चारातली एक चाल तो नुसता थरथरत वाया घालवतो. पण दहातून एकदा होणारी गोष्ट आहे, तिच्यावर प्लॅन करायचा नाही, झालं तर लॉटरी. पॅरालाईज करायचंच असेल तर त्यासाठी थंडर वेव्ह वेगळी आहे.

पायरी २ : कुणावर मारायचा

प्रत्येक पोकेमॉनचा आणि मूव्हचा एक टाईप, म्हणजे प्रकार असतो. इलेक्ट्रिक दोनच टाईपवर दुप्पट लागतो, वॉटर आणि फ्लाईंग. बस. वॉटरचं कुणाला समजवायला नको, ओल्या हाताने बटणाला हात लावू नको म्हणून आपण सगळ्यांनी आईच्या शिव्या खाल्ल्यात. फ्लाईंगचं मला लहानपणी कळायचंच नाही, कारण आमच्या गल्लीत तारेवर कावळे रांगेत बसलेले असायचे आणि त्यांना काही व्हायचं नाही. गेममध्ये उलटं आहे, जो उडतो त्यालाच करंट जास्त.

आणि ज्याला दोन्ही टाईप आहेत त्याला चौपट. इथे सगळ्यात महत्त्वाचं नाव ग्यारडॉस. दिसायला तो निळा ड्रॅगन आहे, म्हणून नवीन खेळणारे त्याला ड्रॅगन समजतात आणि घाबरून इलेक्ट्रिक मारतच नाहीत, कारण ड्रॅगनवर इलेक्ट्रिक अर्धाच लागतो हे कुठेतरी वाचलेलं असतं. पण ग्यारडॉस वॉटर आणि फ्लाईंग आहे, ड्रॅगन नाही. त्याला थंडरबोल्ट म्हणजे भरलेल्या बादलीत हीटरची वायर. मँटाईन, पेलिपर हेही त्याच माळेतले.

चौपट म्हणजे किती ते एकदा जवळून बघू. नव्या गेमचे आकडे घेतो, दोघं लेव्हल ५० चे, जन्मजात आकडे पूर्ण पण वेगळं ट्रेनिंग काही नाही. पिकाचूचा स्पेशल अटॅक येतो ७०, ग्यारडॉसचा स्पेशल डिफेन्स १२० आणि एचपी १७०. पिकाचू स्वतः इलेक्ट्रिक, म्हणून त्याच्या इलेक्ट्रिक मूव्हला दीडपट मिळते, वर चौपट. एवढं सगळं करून डॅमेज येतो १२४ ते १४८. म्हणजे ग्यारडॉस वाचतो! मग तो भूकंप (अर्थक्वेक, ग्राउंड टाईपची मूव्ह) मारतो, आणि ११० एचपीच्या पिकाचूला त्याचे किमान १८२ लागतात. खेळ खल्लास. चौपट लागणार म्हणून आपण आधीच हसत बसलेलो असतो.

आता त्याच पिकाचूला लाईट बॉल धरायला द्या. ही वस्तू फक्त पिकाचूसाठी आहे, त्याचा स्पेशल अटॅक दुप्पट करते, आणि बऱ्याच गेममध्ये जंगली पिकाचू पकडला की क्वचित त्याच्याकडेच सापडते. डॅमेज होतो २४० ते २८८. १७० एचपीचा ग्यारडॉस पहिल्याच फटक्यात आडवा. तेव्हा पिकाचू वापरायचाच असेल तर लाईट बॉलशिवाय वापरू नका, तो दिसायला गोड आहे पण त्याचे आकडे गरीब आहेत.

पायरी ३ : कुणावर अजिबात नाही

ग्राउंड टाईप. शून्य. अर्धा नाही, पाव नाही, शून्य. घरातल्या प्लगची तिसरी पिन आठवा, अर्थिंग. करंट जमिनीत गेला की विषय संपला, ग्राउंड पोकेमॉनचं तसंच.

कार्टून बघून आलेल्यांची इथे मोठी फजिती होते. टीव्हीवर ॲशच्या पिकाचूचा करंट ब्रॉकच्या ओनिक्सला लागला कारण पाण्याचे स्प्रिंकलर चालू झाले आणि ओनिक्स भिजला, आठवतंय ना? गेममध्ये ओनिक्स रॉक आणि ग्राउंड आहे आणि तो भिजला काय, पंचगंगेत बुडाला काय, इलेक्ट्रिक त्याला लागत नाही. यलो गेममध्ये तर सुरुवातीलाच पिकाचू हातात देतात आणि पहिला जिम लीडर हाच ब्रॉक. मी दोन दिवस डोकं आपटलं होतं, मग कळलं की रूट २२ वर मँकी मिळतो, तो घेऊन गेलं की काम होतं.

त्यापेक्षा फसवे म्हणजे वॉटर आणि ग्राउंड दोन्ही असलेले. क्वॅगसायर, स्वॅम्पर्ट, विस्कॅश, गॅस्ट्रोडॉन. पाण्यातले आहेत, निळे आहेत, तुम्ही आनंदाने एक लाख व्होल्ट सोडता आणि गेम म्हणतो काही परिणाम नाही. यांच्यावर गवतवाली मूव्ह मारा, ती चौपट लागते.

मग ॲबिलिटीवाले. व्होल्ट ॲब्सॉर्बवाल्याला (जोल्टिऑन, लँटर्न) करंट मारला की त्याचा एचपी उलटा भरतो. मोटर ड्राईव्हवाला इलेक्टिव्हायर अजून फास्ट होतो. आणि लाइटनिंग रॉडवाला दोन-दोनच्या लढाईत शेजाऱ्यावर मारलेला करंटसुद्धा स्वतःकडे ओढून घेतो, पाचव्या पिढीच्या गेमपासून (ब्लॅक-व्हाईट) तर वर त्याचा स्पेशल अटॅकही वाढतो. म्हणजे बिल्डिंगवरच्या वीजरोधकालाच पगारवाढ.

इलेक्ट्रिक, ग्रास आणि ड्रॅगनवर अर्धा लागतो, तिथे दुसरी मूव्ह वापरा.

स्कार्लेट-व्हायोलेटमधली आयोनो ही जिम लीडर याच नियमाचा उलटा वापर करते. तिचा शेवटचा पोकेमॉन मिसमॅजियस, तो टेरा करून (म्हणजे लढाईत स्वतःचा टाईप बदलून) इलेक्ट्रिक होतो. इलेक्ट्रिकची एकच कमजोरी, ग्राउंड. आणि मिसमॅजियसची ॲबिलिटी लेव्हिटेट, म्हणजे हवेत, म्हणजे ग्राउंड लागत नाही. कमजोरीच शिल्लक नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मनातल्या मनात तिला नमस्कार केला.

पायरी ४ : मूव्ह मिळवायची कुठून

सगळ्या गेमचं सांगत बसत नाही, जे आपल्याकडे जास्त खेळले जातात तेवढेच.

फायररेड आणि लीफग्रीन. मूळ रेड-ब्लूमध्ये व्हर्मिलियन शहरातल्या लेफ्टनंट सर्जला हरवलं की तो टीएम २४ (टीएम म्हणजे पोकेमॉनला मूव्ह शिकवायची वस्तू), म्हणजे थंडरबोल्ट, हातात द्यायचा. फायररेडमध्ये तो शॉक वेव्ह देतो, पॉवर ६०. चुकत नाही, ठीक आहे, पण लाख ते लाख. (सर्जला हरवायला शेजारच्याच डिग्लेट्स केव्हमधून डिग्लेट पकडा, ग्राउंड आहे, त्याला सर्जचा करंट लागणार नाही, विषय मिटला.) थंडरबोल्ट मिळतो पुढे सेलाडॉनच्या गेम कॉर्नरमध्ये, ४,००० कॉइन्सना. आधी तिथल्याच हॉटेलात बसलेल्या माणसाकडून कॉइन केस घ्या. स्लॉट मशीनवर बसू नका, मी एक अख्खी दुपार घालवली आणि हाती ३०० कॉइन. सरळ विकत घ्या, ५०० कॉइन १०,००० ला मिळतात, म्हणजे ४,००० चे ८०,००० झाले. पैसे कमी पडले तर व्हर्मिलियनच्या पोकेमॉन सेंटरमध्ये मिळणारा व्हीएस सीकर वापरून जुन्या ट्रेनर्सशी परत परत लढा, दोन संध्याकाळी जमतात.

एमराल्ड आणि रुबी-सफायर. इथे फुकट आहे आणि तरी लोक विसरतात. नॉर्मन या जिम लीडरला हरवून सर्फ (पाण्यावरून जायची मूव्ह) मिळाला की मॉव्हिल शहरात परत जा, तिथले जिम लीडर वॉटसन काका जिमच्या बाहेर फिरत असतात, त्यांच्याशी बोला. ते किल्ली देतात, रूट ११० वर सायकलच्या पुलाखालून सर्फ करत न्यू मॉव्हिलमध्ये जायचं, जनरेटर बंद करायचा आणि परत येऊन काकांना सांगायचं की टीएम तुमचा. आत जमिनीवर पोकेबॉल दिसले तर जपून, त्यातले काही व्होल्टॉर्ब असतात, उचलायला गेलात की अंगावर येतात.

स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये तो टीएम १२६ आहे आणि तिथे टीएम संपला तरी पोकेमॉन सेंटरच्या मशीनवर परत बनवता येतो, त्यामुळे टेन्शन नाही.

टेन्शन जुन्या गेममध्ये, तिथे टीएम एकदाच चालतो. माझी गोष्ट ऐका. फायररेडमध्ये ४,००० कॉइन जमवले, टीएम घेतला आणि मोठ्या आनंदाने २३ लेव्हलच्या पिकाचूला शिकवला. दुसऱ्या दिवशी मावसभावाला दाखवायला गेलो तर तो पोट धरून हसायला लागला. "अरे येड्या, तो २६ ला आपोआप शिकतो." तीन लेव्हल. तीन लेव्हलसाठी ८०,००० पाण्यात.

म्हणून टीएम लावायच्या आधी तो पोकेमॉन ती मूव्ह स्वतःहून शिकतो का ते बघा. फायररेडमध्ये पिकाचू २६ ला शिकतो, स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये ३६ ला. आणि त्याआधी थंडर स्टोन देऊन रायचू करू नका, कारण रायचू झाला की लेव्हल वाढून नवीन काही शिकत नाही.

पायरी ५ : मग शिकवायचा कुणाला

थंडरबोल्ट स्पेशल मूव्ह आहे, म्हणजे पोकेमॉनचा स्पेशल अटॅक बघायचा, साधा अटॅक नाही. स्नॉरलॅक्सही शिकतो, निडोकिंगही शिकतो, शिकतो म्हणून शिकवायचा असं नसतं.

फायररेडमध्ये माझं उत्तर जोल्टिऑन. सेलाडॉन मॅन्शनच्या गच्चीवर ईव्ही फुकट मिळतो, त्याच गावातल्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये थंडर स्टोन मिळतो, आणि गेम कॉर्नरही तिथेच. एका गावात सगळी खरेदी, आपल्या तुळशीबागेसारखी. जोल्टिऑनचा बेस (म्हणजे त्या जातीचा मूळ आकडा) स्पेशल अटॅक ११०, स्पीड १३०, आणि मुख्य म्हणजे तो थंडरबोल्ट स्वतःहून शिकत नाही, थेट थंडर शिकतो ५२ ला. म्हणून टीएमचा खरा हकदार तो. मॅग्नेटॉनचा १२० आहे पण तो हळू आणि भूकंप त्याला चौपट लागतो.

दुसरा हकदार लॅप्रस, सिल्फ कंपनीत एक माणूस देतो. इलेक्ट्रिक नाही म्हणून दीडपट मिळत नाही, पण याच्याकडे आईस बीम आणि थंडरबोल्ट एकत्र ठेवता येतात, आणि ही जोडी फार जुनी आणि फार नालायक आहे, बोल्टबीम म्हणतात तिला. थंडरबोल्ट जिथे फसतो ते ग्राउंड, ग्रास, ड्रॅगन, तिथे आईस बीम दुप्पट. दोन्हीला पुरून उरणारे फार थोडे, मॅग्नेझोनसारखे. आईस बीमचा टीएमही त्याच गेम कॉर्नरमध्ये ४,००० ला आहे, पण लॅप्रस तो ३१ ला स्वतःहून शिकतो, म्हणून अजून ८०,००० घालवू नका.

सराव करायचा असेल तर पोकेमॉन शोडाउनवर करा, ब्राउझरमध्ये फुकट चालतं, टीम आयती मिळते. दहा मॅच हरा, समोरचा तुमच्या थंडरबोल्टवर मुद्दाम ग्राउंडवाला कधी आत आणतो ते डोळ्यांना दिसायला लागतं. मग तुम्ही तो येणार हे ओळखून त्याआधीच दुसरी मूव्ह मारायची, अर्धा गेम तिथेच आहे.

शेवटचं, एलीट फोरच्या आधी

भाचा आता तिथे, म्हणजे गेमच्या शेवटच्या चार तगड्या ट्रेनर्सपाशी, पोचलाय. लोरलेईकडे क्लॉयस्टर, स्लोब्रो, लॅप्रस, तिथे जोल्टिऑन मजा करतो. ब्रुनोच्या ओनिक्सवर बोट चुकूनही थंडरबोल्टवर जाऊ देऊ नका. चौथा लान्स, त्याचा पहिलाच पोकेमॉन ग्यारडॉस, लेव्हल ५६. भाच्याने एकाच फटक्यात पाडला आणि घरभर ओरडत फिरला. मग ड्रॅगोनेअर आला, त्यानेही थंडरबोल्टच मारला, अर्धा लागला, परत मारला, परत अर्धा. शेवटच्या ड्रॅगोनाईटपर्यंत पोचला तेव्हा जोल्टिऑनची पीपी संपलेली. ड्रॅगोनाईटवर इलेक्ट्रिक साधाच लागतो, आईस बीम चौपट लागला असता, आणि लॅप्रस पीसीच्या बॉक्समध्ये पडलेला.

मधे कुठे पोकेमॉन सेंटर नाही, चार एलीट आणि वर चॅम्पियन, पाच लढाया सलग, आणि १५ पीपी वाटते तितकी पुरत नाही. पीपी अप साठवून ठेवले असतील तर तीन पीपी अप देऊन १५ चे २४ करता येतात. बॅगेत दोन-तीन ईथर (पीपी भरणारं औषध) टाका. आणि लॅप्रस बॉक्समधून काढा.